तिच्या नावाचे नकार

ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही, भावाला नाही, आणि आई शेवटची पडून होती तेव्हा तिच्या उशाशी बसूनही सांगितली नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसांसमोर माझी जीभ उचलत नाही, हे आता मला पक्कं ठाऊक झालंय.

जळगावात महामार्गाच्या पलीकडे आमचं घर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर गच्ची. कर्ज काढून घेतलं आणि मुदतीच्या कितीतरी आधी फेडलं. कचेरीत यावरून माझा केवढा मान! नवीन पोरं हप्त्यावर गाडी घेतात, हप्त्यावर मोबाइल घेतात, हप्त्यावर गोव्याला जाऊन येतात — आणि साहेब त्यांना म्हणतात, सुरेशरावांकडे बघा, काहीतरी शिका. मी नम्रपणे मान खाली घालतो. मनात त्या पोरांची कीव करतो, साहेबांची तर त्याहून जास्त. काय बघायचंय माझ्याकडे? त्या खोलीतला सगळ्यात हलका माणूस कोण, हे फक्त मलाच माहीत असतं.

काटकसर केली, हा काही माझा गुन्हा नाही. तसं असतं तर मी ते गावभर सांगत फिरलो असतो — आम्हा चिकट माणसांना त्याचा अभिमानच असतो. पगारातल्या फरकाची रक्कम आली, की मुद्दलात. बोनस, मुद्दलात. सुनंदा, म्हणजे माझी बायको, घरी साड्यांना फॉल लावायची, पिको करायची. ते पैसेही मुद्दलात. मुलीचं दप्तर मुलानं वापरलं. सुनंदानं कधी तोंड वाकडं केलं नाही. घर दोघांचं होतं, हौसही दोघांची होती. तिला फक्त माणसं लागायची. कुणी पाहुणा आला की तिचा चेहरा उजळायचा, आणि कणीक भिजवताना उगाच चार जणांची जास्त भिजवायची. मला त्या जास्तीच्या कणकेचाही राग यायचा.

माझं गाव भडगावजवळ. तिथे माझे मोठे भाऊ, त्यांना आम्ही नाना म्हणतो, वहिनी, आणि तेव्हा आईही होती. एकदा नानांचा फोन आला, की मुलीला जळगावच्या कॉलेजात घालतोय, तुमच्याकडे ठेवू का? सुनंदाला विचारून सांगतो, म्हणालो. फोन ठेवला. चहा प्यालो. मग परत फोन लावून सांगितलं — नाना, माझी काही हरकत नाही, पण हिला जमणार नाही म्हणते.

सुनंदा तेव्हा गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तिला मी काहीच विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिनं त्याच दिवशी पोरीसाठी कॉट सरकवून जागा केली असती. म्हणूनच विचारलं नाही.

किती सोपं होतं ते! नाना उलट मलाच धीर द्यायला लागले. "जाऊ दे भाऊ, बायासनं असंच ऱ्हास." म्हणजे नकार माझा, बोल तिला, आणि वर दया माझ्या पदरात. असला सौदा कोण सोडतो?

मग मला चटकच लागली. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन जळगावला झालं. नंतर महिनाभर तिनं आमच्याकडे राहावं असं चाललं होतं. औषधं, फळं, भेटायला येणारे-जाणारे — मी लगेच हिशोब मांडला. नानांना कळवलं, की सुनंदाला दगदग झेपत नाही. सुनंदाला सांगितलं, की आईलाच शहरात करमत नाही. दोन्हीकडे एकेक खोटं ठेवून दिलं आणि मध्ये साळसूदासारखा बसलो. आईला गावाला सोडायला मात्र स्वतः गेलो. वाटेत तिच्या डोळ्यांना ऊन लागू नये म्हणून खिडकीला टॉवेलसुद्धा धरला. बघा, केवढा मातृभक्त!

पण सगळ्यात नीच काम मी कानबाईच्या वेळी केलं. श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई देवी बसवतात, सगळे भाऊबंद एका घरी जमतात. आमची कानबाई नेहमी नानांकडे असायची. त्या वर्षी त्यांनी घर पाडून नवीन बांधायला घेतलं होतं. यंदा तुझ्याकडे बसवू, म्हणाले. म्हणजे दोन-तीन दिवस सगळे भाऊबंद माझ्या घरात, बहिणींना साड्या, भिंतींना रंग. आणि माझा शेवटचा भरणा तर तोंडावर आलेला. मी नानांना म्हणालो — सुनंदा म्हणते, एवढी माणसं घरात नको, फरशी खराब होते.

फरशी खराब होते! हे वाक्य मी स्वतः घडवलं, चांगला विचार करून. झोंबेल आणि पुन्हा कुणी विचारणार नाही, असं पाहिजे होतं. आणि घरात सुनंदा मला विचारत होती, की नानांचं तर बांधकाम चालू आहे, मग कानबाई आपल्याकडेच ना? रंग कधी लावायचा? तिला म्हणालो, नानांना शहरात नको आहे. ती हिरमुसली.

कानबाई चुलत्यांकडे बसली. रजा नाही म्हणून आम्ही गेलो नाही. त्याच महिन्यात कर्ज फिटलं. बँकेचा बेबाकी दाखला घेतला, उताऱ्यावरचा बोजा उतरवला, कचेरीत पेढे वाटले.

पुढच्या श्रावणात आम्ही नानांच्या नव्या घरी गेलो. कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे प्रसादाच्या पुरणपोळ्यांसाठी, आदल्या दिवशी गहू मोजून घेतात, घरातल्या एकेकाच्या नावानं सव्वा मूठ. काही घरांत फक्त पुरुषांच्या नावानं घेतात. आमच्याकडे बायका-पोरांच्याही नावानं. ज्याची मूठ त्या गव्हात, तो घरचा. बाहेरच्याला तो रोट देत नाहीत, मग तो कितीही जवळचा असो.

वहिनी नावं घेत सुपात मुठी टाकत होत्या. "हाई सुरेशनी. हाई पोरगीनी. हाई पोऱ्यानी." आणि त्यांनी हात झटकले.

आई हळूच म्हणाली, "आनी सुनंदानी?"

वहिनींनी मानसुद्धा वर केली नाही. "तिले आपला मानसे नको, मंग आपला रोट कसाले?"

सुनंदा पाण्याची कळशी घेऊन दारातच उभी होती. तिनं वहिनींकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

एक वाक्य पुरलं असतं. ती नाही म्हणाली, मी म्हणालो — एवढंच. कर्ज फिटलं होतं, आता एक पैसाही वाचवायचा नव्हता. मग काय वाचवत होतो मी? भावासमोर माझी जी भला माणूस म्हणून ओळख होती, ती. त्या दीडदमडीच्या ओळखीसाठी मी चपला घातल्या आणि नानांच्या घराचं मागचं बांधकाम बघायला गेलो. सिमेंट कुठलं वापरलं, हेही विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्याच गव्हाच्या पुरणपोळ्या सुनंदानं सकाळपासून लाटल्या. पंगतीला मात्र बसली नाही, पोट बरं नाही म्हणाली. कुणी आग्रह केला नाही. मी पोटभर जेवलो.

परतताना बसमध्ये तिनं विचारलं, मी असं कधी म्हणाले होते हो? मी म्हणालो, वहिनींचा काहीतरी गैरसमज झाला असेल, नानांशी बोलतो. बोललो नाही. आई गेली, तीसुद्धा धाकटी सून मनानं कोती आहे असं समजूनच गेली. सुनंदानं पुन्हा कधी विचारलं नाही. कानबाईला ती मुलांना पाठवते, स्वतः जात नाही. भाऊबंद म्हणतात, तिला घराचा गर्व झालाय. मी ते ऐकून घेतो, कधी कधी उसासाही टाकतो.

मागच्या आठवड्यात मुलगी गावाला जाऊन आली. आता ती मोठी झाली आहे, तिला गावात कुणी ना कुणी काही ना काही सांगत असतं. जेवताना ती आईला म्हणाली, "तुला पप्पांची माणसं पहिल्यापासूनच नको होती ना?"

मी समोरच बसलो होतो. सुनंदानं माझ्याकडे बघितलं, जरा वेळ. तिला सगळं ठाऊक आहे, हे मला त्या वेळी कळलं. कधीपासून, देव जाणे. ती वाट बघत होती. मी ताटातली भाजी पोळीला लावली आणि घास घेतला.

मग ती मुलीला म्हणाली, "हो गं. माझंच चुकलं."

आणि मला हायसं वाटलं.