उभं ठेवलेलं इंजिन

गाव सोडलं त्या सकाळी ऐन पौषातली थंडी होती. रस्ता जिथं नर्मदेच्या काठाला टेकतो तिथं ट्रक उभा होता. होडीतून आणलेलं सामान चढवून झालं होतं: कणगी, जातं, चार कोंबड्या, आईची खाट. फक्त बाबा चढत नव्हते. ते पाण्यानं भरलेल्या पिंपाशी उभे होते आणि होडीचं इंजिन त्या पिंपात बुडवून त्यांनी चालू केलं होतं.

ड्रायव्हर शहाद्याकडचा. म्हणाला, "काका, चाला ना आते. घाट उतरता उतरता अंधार व्हई जाई."

बाबांना अहिराणी कळत होती, पण त्यांनी मान वर केली नाही.

दादा, तुला हे माहीत नाही, कारण तू तिथं नव्हतास. धरणाचं पाणी घरात आलं तेव्हा अर्धं गाव तळोद्याकडच्या वसाहतीत निघालं आणि अर्धं तुझ्यासारखं टेकडीवर सरकलं. तू महिनाभर बाबांशी बोलला नव्हतास. होडी काठावरून सुटली तेव्हा तू वर नव्या झोपडीच्या दारात उभा होतास. खाली आला नाहीस. होडी तुमच्यासाठी परत जाणार होती, वल्ह्यांवर. इंजिन बाबांनी बरोबर घेतलं. तापीवर, प्रकाशा गावाला होडी चालवू असं त्यांच्या मनात होतं.

मी एकोणीस वर्षांची होते. बाबांनी मला जवळ बोलावलं आणि इंजिन बरेच दिवस बंद ठेवायचं तर काय करायचं ते शिकवलं. पेट्रोलची नळी काढायची आणि आतलं पेट्रोल संपून ते आपणहून बंद पडेपर्यंत थांबायचं. मग प्लग काढून त्या भोकात चमचाभर तेल सोडायचं आणि दोरी हळूहळू ओढायची, म्हणजे तेल आत सगळीकडे लागतं. खालचं गिअरचं तेल बदलायचं. ते दुधाळ निघालं तर समजायचं, आत पाणी शिरतंय. शेवटी पंख्याच्या दांड्याला ग्रीस लावायचं. "आणि उभं ठेवायचं," आमच्या पावरी बोलीत ते म्हणाले, "आडवं केलं की पाणी नको तिथं जातं."

ट्रकमध्ये घाटभर मी ते इंजिन उभं धरून बसले.

प्रकाशाला होडी चालवणं काही झालं नाही. तिथं पिढ्यान्‌पिढ्या होड्या चालवणारे होते, नव्या माणसाला जागा नव्हती. वसाहतीत जमीन मिळाली, बाबा कापूस लावू लागले. पत्र्याच्या खोलीच्या कोपऱ्यात लाकडी घोडीवर इंजिन उभं होतं. शेजारचे हसायचे, "आठे नदी कोठे शे?" पण दर पौषात बाबा त्यावरचं फडकं काढायचे, तेल बदलायचे, दोरी ओढून बघायचे. "लागलं तर लगेच चालू झालं पाहिजे," एवढंच म्हणायचे. कुणाला लागलं तर, हे मी कधी विचारलं नाही. ते गेल्यावर सहा पौष मी तेच केलं. मी आता केळीला ड्रिप लावते, व्हॉल्व्ह खोलते, बोअरची मोटार उतरवते. त्या सगळ्या कामांना हात तिथूनच तयार झाला.

मग तुझा फोन आला. वहिनीला पहाटे कळा सुरू झाल्या, वारा समोरचा होता, वल्ही मारत दवाखान्याच्या काठाला पोचायला दुपार झाली. बाळ वाचलं नाही. तू इंजिन मागितलं नाहीस. नुसतं सांगितलंस.

मी आईला म्हटलं, "उद्या घेऊन जाते."

आई कोपऱ्याकडे बघत राहिली. "त्यांची एवढीच वस्तू राहिलीय गं."

"त्यांनी वस्तू म्हणून नव्हती ठेवली, आई."

सकाळी उठून तिनंच फडक्यानं इंजिन पुसलं.

धडगावचा जीपवाला म्हणाला, "टपवर आडं टाकी द्या ना ताई."

"नही," मी म्हटलं, "उभंच राही." आणि गुडघ्यांत धरून बसले.

काठावर तू ते होडीला बसवलंस. वहिनी दगडावर बसून बघत होती. तू दोरी ओढलीस. काही नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही नाही. मी प्लग काढून कोरडा केला, पुन्हा बसवला. चौथ्यांदा ते खोकलं आणि निळा धूर ओकत चालू झालं. आत घातलेलं तेल जळत होतं.

धूर विरल्यावर तू म्हणालास, "बाबांनी इंजिन नेलं तेव्हा वाटलं होतं, आमचा रस्ताच उचलून नेला."

"त्यांनाही तसंच वाटायचं, दादा."

तू पाण्याकडे तोंड फिरवलंस. वहिनीनं मला हाताला धरून होडीत बसवलं. आपण तिघं पलीकडच्या काठापर्यंत जाऊन आलो.

इंजिन आता तिथंच असतं. उन्हाळ्यात पाणी खोल उतरलं की होडी चिखलात बसते, तेव्हा ते तेल घालून बंद करून ठेवायचं काम माझं. टेकडीवर माझं घर नाही, वसाहतीतल्या प्लॉटला अजून नंबरानं ओळखतात. माझ्यासारख्या खाली आलेल्यांना लोक विचारतात, तुझं गाव नेमकं कोणतं? पूर्वी मी अडखळायचे. आता वैशाख लागला की तुझा फोन येतो, "कधी येतेस? काम खोळंबलंय." आपल्यावाचून काम खोळंबतं ते आपलं घर, असं मी धरून चालते. केळीच्या पाण्याची पाळी आईवर सोपवते आणि तेलाचा डबा घेऊन निघते.