दाराजवळची सतरंजी

वर्ग संपत आला की धोंडुबाई आपली सतरंजी गुंडाळायच्या, दाराशी ठेवायच्या आणि तिच्यावर बसायच्या. समोर बायका उताण्या पडलेल्या असायच्या. "पाय सोडा. गुडघे सोडा. पोट सोडा," असं त्या हळू आवाजात म्हणत राहायच्या. त्यांची स्वतःची पाठ मात्र भिंतीला ताठ टेकलेली असायची आणि नजर जिन्याकडं. रोज पहाटे हेच चालायचं.

शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या माडीवर हा बायकांचा योगवर्ग भरायचा. खाली पोरं शड्डू ठोकायची, तशी वरची लाकडी जमीन थरथरायची. फळ्यांच्या फटींतून तांबड्या मातीचा आणि तेलाचा वास वर यायचा.

धोंडुबाई मूळच्या शिरोळकडच्या. लग्न होऊन पेठेत आल्या आणि दम्यानं बेजार झाल्या. शेजारणीनं त्यांना आण्णांकडं नेलं. आण्णा म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. पहाटे आसनं शिकवायचे, श्वास शिकवायचे आणि मधूनच दोन वाक्यं तत्त्वज्ञानाचीही सांगायचे. "श्वास आत घ्यायची घाई सगळ्यांनाच असते. सोडायला शिका," हे त्यांचं नेहमीचं. धोंडुबाई सोडायला शिकल्या आणि दमा हळूहळू हटला. एकदा पद्मासनात बसलेल्या धोंडुबाईंकडं बघत आण्णा म्हणाले, "आसन स्थिर असावं आणि सुखाचंही असावं. तुमचं पहिलं झालंय. दुसऱ्याचं बघा."

"त्याला येळ कुठला, आण्णा?" त्या हसून म्हणाल्या.

नव्वद सालच्या आसपास आण्णा थकले आणि बायकांचा वर्ग त्यांनी धोंडुबाईंच्या गळ्यात घातला.

बाकी आसनं बायकांनी लगेच उचलली. अडलं ते शवासनाशी. "जित्तेपणी मुडद्यावानी पडायचं?" बयाबाई कडाडली. ती वर्गातली सगळ्यांत जुनी आणि तोंडाची फाटकी. "आन खाली सगळं बाप्ये! उद्या कुणी जिना चढून आला म्हंजे?" शेवटी बायका आडव्या झाल्या, पण डोक्यापासून पदर ओढून. झाकलेल्या बायकांची ती रांग धोंडुबाईंनाच बघवेना. त्यांनी एकेकीच्या तोंडावरचा पदर काढला.

"नाव बदलू. निवांत म्हणा. पर तोंड उघडं पायजे."

"मग दारात कोण बसणार?"

"मी बसतो की."

तेव्हापासून त्या दारात बसल्या. भेगाळलेल्या टाचा, झिजलेली जोडवी, हळूहळू सैल पडणारी बोटं त्या बघत राहायच्या. एखादी घोरायची. एखादीच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळायचं. घरात न मिळालेली झोप बायका इथं घेतात, हे त्यांना कळायचं. त्यांच्या स्वतःच्या घरी नवरा अर्धांगानं पडून होता. त्याला रात्रभर कुशीवर वळवावं लागायचं. इतक्या जणींना त्यांनी निजवलं, पण त्या जिथं बसत तिथं झोप कधी फिरकली नाही.

पुढं टीव्हीवर योग आला. "पोट भराभरा आत-भायर करायचं शिकवा की, टीव्हीत दावत्यात तसं," असं बायका म्हणू लागल्या. काहीजणी टीव्हीसमोरच बसू लागल्या आणि माडीवर जागा रिकामी दिसू लागली. धोंडुबाईंचे गुडघेही जिना चढताना कुरकुरायला लागले होते. वर्ग आता कुणाच्या तरी हाती द्यायला हवा होता. गल्लीतली सून अक्षता त्यांनी हेरली. अंग लवचीक, आवाज खणखणीत. फक्त दाराशी बसणं तिला जमायचं नाही.

"काकू, नुसतं बसून राहायचं?"

"नुसतं न्हाय. जागं बसायचं."

त्या पावसाळ्यात नवऱ्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. वर्ग अक्षतावर सोडून धोंडुबाई गेल्या. त्याला घरी आणून, नणंदेला त्याच्याजवळ बसवून, एका पहाटे त्या जिना चढल्या. माडी बायकांनी भरली होती. त्यांना बरं वाटलं. मग अक्षतानं हात जोडले, बायकांनीही जोडले आणि सतरंज्यांच्या घड्या सुरू झाल्या.

"आन निवांत?"

अक्षतानं मान खाली घातली. "बंद केलं, काकू. सगळ्यांना डबे करायचे असतात. बघा की, किती जणी परत यायला लागल्या."

"झ्याक चाललंय बाई," बयाबाई त्यांच्याकडं न बघता म्हणाली. "तुमी आता घरी इस्रांती घ्या."

दवाखान्यातल्या जागरणांनी धोंडुबाईंचं अंग मोडून आलं होतं. त्यांनी दाराजवळची आपली सतरंजी उलगडली, रोजच्या जागी अंथरली आणि तिच्यावर उताण्या झाल्या. तळवे वर, तोंड उघडं. दार अरुंद होतं. सतरंजी उंबऱ्याशी आडवी पडली.

चपला हातात घेऊन बायका थबकल्या. निजलेल्या माणसाला ओलांडून कोण जाणार?

"आता गं?" बयाबाई कुजबुजली. "उठीव की त्यास्नी."

अक्षता वाकली. हात पुढं केला आणि मागं घेतला. धोंडुबाईंचा श्वास लांब झाला होता. इतक्या वर्षांत तो चेहरा असा सैल पडलेला कुणी पाहिला नव्हता. खालून शड्डूचा आवाज आला, तशी अक्षता खिडकीशी धावली.

"वस्ताद, जरा थांबवा पोरांना!"

"का गं? काय झालं?"

"काकू झोपल्यात."

खालची तालीम गप झाली. अक्षता धोंडुबाईंच्या उशाशी, भिंतीला पाठ लावून बसली. जिन्याकडं बघत हळू आवाजात म्हणाली, "पाय सोडा. गुडघे सोडा." आधी एक आडवी झाली, मग दुसरी. "आज पोरं उपाशी जात्यात शाळंला," असं पुटपुटत सगळ्यांत शेवटी बयाबाई पडली.

धोंडुबाई बारीक घोरत होत्या. खिडकीतून उजेड आत सरकत आला तरी अक्षतानं कुणाला उठवलं नाही. मांडी अवघडली तरी ती हलली नाही.

जाग आल्यावर धोंडुबाईंनी पडल्या पडल्याच सगळ्यांकडं एकवार पाहिलं. मग दाराशी बसलेल्या अक्षताकडं. त्यानंतर गुडघ्यांनी त्यांना तो जिना परत चढू दिला नाही. त्या सकाळी कठडा धरून एकेक पायरी उतरताना, मागं न वळता, त्या एवढंच म्हणाल्या,

"सतरंजी उन्हात टाक गं अक्षता. ओल धरलीया तिनं."