पाठमोरी

सांगायला जरा संकोच वाटतोय. मी दुबईत ऑडिटमध्ये नोकरी करते. भुतंखेतं, बाहेरचं वगैरे कधी मानलं नाही. ग्रुपवर असे अनुभव आले की न वाचताच डिलीट करायचे. तरीही...

आम्ही अल मनखूलला राहतो. माझा नवरा मंदार जुनी यंत्रं दुरुस्त करतो, अल क्वोजला एका वेअरहाउसमध्ये त्याचं वर्कशॉप आहे. गेल्या हिवाळ्यात जुन्या वस्तू जमवणाऱ्या एका अरबाने त्याच्याकडे एक उभी लोखंडी पेटी पाठवली. वर डोळे लावायला भिंग, बाजूला हँडल. आत चाकावर फोटोंची शेकडो कार्डं. हँडल फिरवलं की कार्डं भराभर उलटतात आणि चित्र हलायला लागतं.

"थिएटरं यायच्या आधीचा सिनेमा," मंदार म्हणाला. "जत्रेत नाणं टाकायचं आणि एकेकट्याने बघायचं. बऱ्याच पेट्यांत हेच असायचं — कपडे उतरवणारी बाई."

तेव्हा मी हसले. पण मग तो सुट्टीच्या दिवशीही जायला लागला. जेवताना बोलणं तिचंच. 'ती' म्हणजे पेटी नव्हे, बाई. कधीच मरून गेलेल्या बाईचा कुणी मत्सर करतं का? मी करत होते.

एका शनिवारी दुपारी मी डबा घेऊन थेट वर्कशॉपमध्ये गेले. "दाखव मला तुझी ती."

मी भिंगाला डोळे लावून हँडल फिरवलं. एक खोली. पाठमोरी बाई केस मोकळे करते, झगा खांद्यांवरून खाली सोडते... खलास. चेहरा नाहीच. मला बरं वाटलं.

"फार हळू फिरवतेस तू," मंदार म्हणाला. "दे इकडे. तू नुसतं बघ."

तीच खोली, तेच केस. झगा खाली सरकला आणि ती वळली. माझ्याकडे नाही, मंदार उभा होता त्या बाजूला तिने पाहिलं आणि हसली. ओळखीचं, रोजचं हसू.

"वळते की ही," मी म्हणाले.

"कोण?"

"ही बाई. तुझ्याकडे बघून हसली."

"काहीतरीच काय. यात ती वळतच नाही."

मी पुन्हा हँडल फिरवलं. नुसती पाठ. मग मंदारने झाकण उघडलं आणि आम्ही एकेक कार्ड पाहिलं. सगळ्यांवर पाठ. चेहऱ्याचं एकही कार्ड नव्हतं, मधलं एखादं गळाल्याची खूणही नव्हती.

मला वाटलं, तो घाबरेल किंवा चेष्टा करेल. तो म्हणाला, "मग मला का नाही दिसली?"

त्या आवाजातली हळहळ मी विसरलेले नाही.

पेटी परत गेली. डोळ्यांचा भास, कार्डांवरचा उजेड, सगळं धरून पाहिलं. उत्तर सापडलं नाही. मंदार अजून मधूनच, चहा घेता घेता विचारतो, "कशी होती गं दिसायला?"

फार सुंदर होती. हे तुम्हाला सांगतेय. त्याला म्हणते, आठवत नाही.