आप्पांच्या गाडीचं डावं दार

लोणावळ्यात धुकं गॅरेजच्या आत येतं. हातातला पाना दिसेनासा झाला की काम थांबतं, आणि काम थांबलं की आमची तोंडं सुरू होतात. किस्से साचतात ते असे. आप्पांच्या गाडीचे तर इतके साचलेत, की कुठून सुरुवात करू कळत नाही. गॅरेज माझं आहे, एवढं आधी सांगते. ऐकतं मात्र ते सदाभाऊंचं. सदाभाऊ म्हणजे कुरवंड्याचे आमचे वेल्डर.

*

आप्पा तुंगार्लीचे. त्यांची दोन सीटची, टप नसलेली जुनी स्पोर्ट्स कार टेम्पोत घालून आली. अशा गाडीला छप्पर नाही, म्हणून सगळा भार खालच्या सांगाड्यावर, म्हणजे चॅसीवर. ती गंजून गाडी मधोमध वाकली होती. सदाभाऊंनी तळाला अंगठा लावला, तो आरपार गेला. आत ओली माती, वर हिरवंगार शेवाळ.

"आप्पा, हिच्यात भात लावा. लय झ्याक यील."

आप्पा हसले नाहीत. दर रविवारी ते आणि काकू याच गाडीतून कुरवंड्याला जायचे. काकू गेल्या वर्षी गेल्या. आप्पांची नजरही उतरत चाललीये. डॉक्टर म्हणाले, फार तर हिवाळ्यापर्यंत गाडी चालवा.

"मला एकदा तेवढं जाऊन येऊ द्या," आप्पा म्हणाले. दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी गाडी भंगारात काढायला सांगितली होती. मला नाही म्हणवेना.

*

चॅसीला आतून नवे चौकोनी पाइप जोडायला घेतले. धुक्यात वेल्डिंगचा निळा उजेड पार रस्त्यापर्यंत पसरायचा. सगळं गॅरेज पाण्याखाली बुडाल्यासारखं वाटायचं. एका दुपारी पर्यटकांचं एक कुटुंब त्या उजेडामागं चालत आत आलं.

"लाइट शोची तिकिटं कुठे मिळतात?"

सदाभाऊंनी मास्क वर केला. "शो संपला. आता कलाकार जेवणार."

आणि डबा उघडला. ते लोक बिचारे थोडा वेळ डबाच बघत उभे राहिले.

*

एकदा आमची अशी काही तंद्री लागली, की डाव्या बाजूचा जोड एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत मारला. दिसायला सुंदर. लोखंड तापलं, निवताना आखडलं आणि डावं दार चौकटीत अडकून बसलं. पहार लावली तरी उघडेना. घ्या आता! सगळा जोड कापून काढला.

तेव्हापासून नियम केला. बोटभर जोड इकडे, मग चहा, मग बोटभर जोड तिकडे. चहा आणून आणून चहावाल्या मावशी वैतागल्या.

"ही गाडी पेट्रोलवर चालती का चावर?"

*

आप्पांना काम बघायचं असायचं. डोळ्यांना त्रास नको म्हणून त्यांना एक मास्क दिला. मास्क लावून ते खुर्चीत बसायचे आणि मी त्यांना एकेक जोड समजावून सांगायचे. एक दिवस मी बोलतेय, बोलतेय, आप्पांचा हूं की चूं नाही. मास्क उचलून बघते तर डोळे मिटलेले, चेहऱ्यावर हसू.

"आप्पा, झोपलात?"

"छे. कुरवंड्यापर्यंत जाऊन आलो."

*

शेवटचे जोड मारायच्या आधी दोन्ही सीटवर माणसांइतकं वजन ठेवतात. गाडी भाराखाली दबते, मग दारांच्या फटी जुळवता येतात. उजवीकडे आप्पांच्या वजनाचं पोतं ठेवलं. डाव्या सीटवर सदाभाऊंनी घरच्या इंद्रायणी तांदळाचं पोतं ठेवलं.

आप्पा त्या पोत्याकडे बघत राहिले.

"हे जास्त होतंय. ती एवढी नव्हती."

सदाभाऊंनी पोत्याचं तोंड सोडलं आणि थोडा तांदूळ घमेल्यात काढला. आप्पांनी पोतं हातानं दाबून बघितलं.

"अजून."

अजून काढला.

"अजून काढा. शेवटी शेवटी फार उतरली होती हो ती."

पोतं सीटवर मान टाकून बसलं. मी उगाच पाने पुसत राहिले.

सदाभाऊ थांबले. मग घमेलं उचललं आणि सगळा तांदूळ परत पोत्यात ओतला.

"आप्पा, आमच्या कुरवंड्याला यायच्या त्या काकूंचं वजन धरू. दवाखान्यातल्या काकूंचं न्हाई."

आप्पा पुढे झाले. मग वाकले, पोतं नीट सरळ बसवलं आणि डावं दार हलकेच लावून घेतलं.