टिळकवाडीतल्या ढब्बूचा भाव

मुलांनो, नोकरीतली बरीच प्रकरणं आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत. कोणता पंचनामा कधी केला हे विचाराल, तर मला डायरी शोधावी लागेल. टिळकवाडीतल्या त्या रविवारासाठी मात्र डायरी लागत नाही. मी तेव्हा बेळगावात इन्स्पेक्टर होते, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि तशी झडती मी ना आधी घेतली ना नंतर. नावं कोणाचीच लिहीत नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात.

खबर शनिवारी सकाळी आली, हजेरी चालू असतानाच. खबऱ्या पक्का होता. मटक्याच्या दोन केसेस त्याच्यामुळेच उभ्या राहिल्या होत्या.

"मॅडम, टिळकवाडीत एका रिटायर सरांच्या बंगल्यात मशिनी लावल्यात. हँडल ओढत्यात, खटका मारत्यात. दर ऐतवारी बसत्यात. गेल्या ऐतवारी एकजण बाहेर पडताना म्हणत हुता, माझं सहा ढब्बू गेलं."

"ढब्बू म्हणजे किती?"

"ते न्हाय ठाऊक. पर तोंड लई बारीक झालतं त्याचं."

जुगारात रकमेला टोपणनाव असतंच. आमचे फौजदार नवे, हुशार आणि घाईचे. ते म्हणाले, "ढब्बू म्हणजे हजार असणार, मॅडम."

"कशावरून?"

"नावच जाडजूड आहे की."

झडतीचं वॉरंट घेतलं, दोन पंच बरोबर घेतले आणि रविवारी दुपारी चार वाजता आम्ही बंगल्यात शिरलो. 

आत पाहिलं आणि मी क्षणभर पोलीस आहे हेच विसरले. दिवाणखान्याच्या भिंतीवर ओळीने दहा यंत्रं. जाड लाकडाची चौकट, पुढे काच, काचेआड गोगलगायीच्या पाठीसारखा गोल गोल पत्र्याचा मार्ग. वरून नाणं टाकायचं, खालचा खटका मारायचा, की पोलादी गोळी गरगरत वर जाते आणि खालच्या कुठल्यातरी वाटीत पडते. वाटी बरोबर असली तर नाणं परत. कोपऱ्यात एक लोखंडी यंत्र होतं, त्याला बाजूला दांडा आणि पुढे फिरणारी चेरी, लिंबं आणि घंटा.

घरात चार माणसं होती. टेक्निकल कॉलेजातून निवृत्त झालेले सर, त्यांच्या नव्वदीच्या आई, वडगावचे साड्या विणणारे एक मागवाले आणि बोरगावचे एक शेतकरी. आई उमेदीत निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करायच्या. त्या मजुरीवर त्यांनी मुलाला शिकवलं आणि मुलगा इंग्लंडातल्या एका समुद्रकाठच्या गावी यंत्रं दुरुस्त करायला गेला, मग परतून इथे शिकवू लागला.

सर घाबरले होते, पण यंत्रांबद्दल विचारलं की त्यांचा मास्तर जागा व्हायचा. "तिकडे समुद्रात लांबवर बांधलेले लाकडी धक्के असत, बाई. सुट्टीत लोक तिथे फिरायला येत आणि ही यंत्रं खेळत. जुनी मोठी पेनी टाकून. पुढे सरकारने नाणी बदलली. नवी पेनी लहान, ती यात चालेना. मग ही यंत्रं जाळली, फोडली, समुद्रातसुद्धा टाकली म्हणतात. काही वेड्या लोकांनी शेडमध्ये लपवून वाचवली, त्यांच्याकडून मी एकेक गोळा केलं."

"आणि हे दांड्याचं?" फौजदारांनी विचारलं.

"याला तिकडे एका हाताचा दरोडेखोर म्हणत. दांडा हा त्याचा हात."

आमचा हवालदार म्हणाला, "मग साहेब, आधी यालाच बेड्या घालूया."

फौजदार हसले नाहीत. ते म्हणाले, "ढब्बू कुठे आहेत?"

आईंनी कमरेची पिशवी सोडली. तांब्याची मोठाली काळपट नाणी टेबलावर आली. "ह्ये माझं ढब्बू. आमच्या लहानपणी असलाच तांब्याचा ढब्बू असायचा, म्हणून मीच नाव ठेवलंया. ही बघ, राणी. आणि पाठीमागं ही बाई ढाल घेऊन बसलीया. कुणाची वाट बघतीया, देवाला ठाऊक."

फौजदारांनी मला बाजूला घेतलं. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. नाणं कुठलंही असो, ते सोंगटीसारखं वापरता येतं. खेळून झालं की एका ढब्बूला इतके रुपये, असा हिशेब बाहेर भागवला की झाला जुगार. आणि जुगार ठरला, तर यंत्रं जप्त. ती आमच्या मुद्देमालाच्या खोलीत गंजणार आणि शेवटी कोर्टाच्या हुकमाने फोडली जाणार. सरांना ते न सांगता कळलं होतं. ते एवढंच म्हणाले, "तिकडे एकदा वाचलीत ही."

मी नेहमीची पद्धत वापरली. आई सोडून उरलेल्या तिघांना तीन ठिकाणी वेगळं बसवलं आणि तिघांसाठी एकच प्रश्न कागदावर लिहून दिला: ढब्बूचा भाव काय? भाव ठरलेला असला तर तिघेही एकच आकडा सांगतील. नसला तर गोंधळतील. प्रश्नावर मी खूश होते.

सरांना मी विचारलं. "भाव? बाजारात आता त्यांना कोण विचारतं?"

मागवाल्यांना फौजदारांनी विचारलं. "भाव कसला साहेब? हरला त्यानं सगळ्यांच्या कपबश्या धुयाच्या. गेल्या ऐतवारी मी सहा हरलो. घरात कधी कप उचलला न्हाय, आणि हितं आक्कांनी, सरांच्या आईनं, माझ्याकडनं पातेलीबी घासून घेतली."

बोरगावच्या शेतकऱ्यांना रायटरने फाटकाशी नेऊन विचारलं. रायटर म्हणजे ठाण्यातला लिहिणारा जमादार. आमचा रायटर म्हैसूरकडचा. मराठी ऐकून कन्नडमध्ये जबाब उतरवायचा, अक्षर मोत्यासारखं. तो जवळजवळ पळतच आत आला. "मॅडम, साठ. लगेच सांगितलं. साठ रुपये."

मी सरांकडे पाहिलं. ते खुर्चीत खाली सरकले. फौजदारांनी इशारा केला आणि दोघा शिपायांनी पहिलं यंत्र भिंतीवरून काढायला घेतलं. लाकूड जड होतं, एकाचा हात निसटला आणि काच तडकली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आई म्हणाल्या, "हळू रं बाबांनो. त्येनं काय केलंय तुमचं?"

तेव्हा मी जबाबाचा कागद वाचत होते. कन्नडमध्ये दोन वाक्यं होती: आज साठ. काल पंचावन्न होता, परवा त्याहून कमी.

मी थबकले. जुगाराच्या सोंगटीचा भाव रोज वरखाली होत नाही. तो ठरलेला असतो, नाहीतर मारामाऱ्या होतील. शिपायांना थांबवलं आणि मी स्वतः फाटकाकडे धावले, त्या वयात, साडीत नव्हते म्हणून बरं. शेतकरी आपल्या टेम्पोला टेकून उभे होते. मागे ओल्या गोणपाटाखाली क्रेट रचलेले.

"अण्णा, साठ रुपये कशाला?"

"किलोला," ते म्हणाले. "व्हय मॅडम, खोटं कशाला सांगू? सकाळीच मार्केटला माल घालून आलतो. उरलेला हाय ह्यो. पाहिजे तर बिल दावतो."

मी गोणपाट वर केलं. क्रेटभर हिरव्यागार ढब्बू मिरच्या.

तुमच्याकडे तिला दुसरं काही म्हणत असाल. बेळगाव-निपाणीकडे ती ढब्बू. तो म्हातारीचा तांब्याचाही ढब्बू, ही मिरचीही ढब्बू. पोलिसाने गाडीशेजारी उभं करून ढब्बूचा भाव विचारला, तर बोरगावचा शेतकरी मिरचीचाच सांगणार. आणि म्हैसूरकडच्या रायटरला ही मिरची त्याच्या कन्नडमधल्या नावाने माहीत. तो क्रेटमधली एक मिरची उचलून म्हणाला, "मॅडम, ही दोण्णे मेणशिनकाई. हिला ढब्बू कोण म्हणतं?"

"इथे सगळेच," मी म्हटलं आणि मला जे हसू आलं ते आवरेना. फौजदारही हसले, त्या दिवशी पहिल्यांदा.

आत येऊन मी पुन्हा वेगवेगळं विचारलं, या वेळी नीट. रुपयाची देवाणघेवाण कुठेच निघाली नाही. निघाल्या त्या कपबश्या. गुन्हा दाखल झाला नाही आणि दहा यंत्रं जागची हलली नाहीत. अकरावं फौजदारांनी स्वतः पुन्हा भिंतीवर लावलं. आईंनी त्यांना एक ढब्बू दिला. त्यांनी खटका मारला, गोळी चुकीच्या वाटीत गेली, आणि आई म्हणाल्या, "स्वयंपाकघर तिकडं हाय, साहेब."

ठाण्यावर परतल्यावर रायटरचा चेहरा उतरला होता. फौजदार म्हणाले, "मॅडम, रायटरची ऐकण्यात चूक झाली, असं लिहू या. प्रकरण मिटलं."

पण त्याने ऐकलं तेच लिहिलं होतं. शेतकऱ्यांनीही खरंच उत्तर दिलं होतं. 'ढब्बूचा भाव काय' असं मी लिहून दिलं, तेव्हाच भाव आहे हे मी मनात ठरवून बसले होते. ढब्बू म्हणजे काय, हे तिघांतल्या एकालाही विचारलं नव्हतं. मुलांनो, नोकरीत मला खोटी उत्तरं पुष्कळ मिळाली आणि ती पकडायला मी शिकले. आपलाच प्रश्न खोटा असू शकतो, हे शिकायला मात्र इतकी वर्षं आणि एक काच लागली. ती काच समुद्राकाठी टिकली होती, बोटीत टिकली होती, आणि माझ्यामुळे फुटली.

सरांनी काचेची तक्रार केली नाही. ती मी पंचनाम्यात लिहिली. खाली कारण म्हणून माझा प्रश्न लिहिला आणि सही केली.