बॉनेटखालचे गजभारे

आनंदराज गजभारे यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या पायांमार्फत. उरलेले गजभारे त्या वेळी डॅशबोर्डच्या आत होते.

जळकोटच्या बसस्टँडसमोर एक पांढरी गाडी उभी होती, तिचं दार सताड उघडं होतं आणि त्या दारातून करडे मोजे घातलेले दोन पाय बाहेर आले होते. उजव्या मोज्यातून अंगठा जगाकडे बघत होता. मी बँकेच्या जळकोट शाखेत नुकताच कॅशियर म्हणून बदलून आलेलो. नांदेडहून रोज अप-डाऊन करायला कुणाच्या तरी गाडीत जागा हवी होती, आणि "पांढऱ्या गाडीवाल्या गजभारे साहेबांना भेटा" एवढंच मला सांगण्यात आलं होतं. मी पायांना नमस्कार केला. माझं नाव, गाव, हुद्दा सांगितला. माझा मुतखडा कसा निघाला तेही थोडक्यात सांगितलं. अंगठा मधूनमधून हलत होता, म्हणजे माणूस रसिक वाटला. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "डोकं अडकलंय. ओढा."

मी ओढलं. मग रसवंतीवाल्यानं मला ओढलं, एका कंडक्टरनं रसवंतीवाल्याला ओढलं. बघता बघता निम्मं जळकोट त्या दोन पायांना जोडलं गेलं. बैलबाजारातून परतणारा एक इसम म्हणाला, "कानाला तेल लावा, मंग निघतंय." दुसरा म्हणाला, "डॅशबोर्ड कापा." तिसऱ्यानं गाडीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "डॅशबोर्ड कशाला? नवा हाय." अखेर बाटलीचं बूच निघावं तसे गजभारे बाहेर आले. कान लाल, केस विस्कटलेले. त्यांनी चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "रेडिओची वायर काय सापडली न्हाई. तुम्ही नांदेडला येणार ना? मागं मधोमध बसू नका, आरशात दिसता."

पंचायत समितीत वरिष्ठ सहायक असलेला हा माणूस स्वतःच्या मालकीच्या गाडीत डोकं कशाला अडकवून घेतो, हे मला पुढं हळूहळू कळलं. गजभारे वाढले इस्लापूरजवळच्या एका खेड्यात, सात माणसांच्या एका खोलीत. शिकले नांदेडच्या वसतिगृहात, तिथंही खोलीत सहा जण. नोकरी लागली तर टेबल आलं दोन कपाटांच्या मधे, आणि समोर कायम कुणाचा तरी घरकुलाचा अर्ज उभा. घरी, नांदेडच्या तरोड्यात, आई धुरपताबाई, बायको लुंबिनी आणि दोन अभ्यासू मुली. मुलींच्या परीक्षांमुळे गजभारेंना घरात खोली नव्हती, फक्त वावर होता. लुंबिनीवहिनी सरकारी दवाखान्यात परिचारिका. त्या नवऱ्याला चहा देतानाही आधी नाडी बघतात, असं आम्ही म्हणायचो. ते अगदीच खोटं नव्हतं.

एवढ्या आयुष्यात गजभारेंना एकट्यानं बसायला जागा मिळाली नव्हती. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी कर्ज काढून गाडी घेतली ती त्यासाठी. काच वर, रेडिओ चालू, आणि नांदेड ते जळकोट कुणीही नाही. हे सुख त्यांनी एक आठवडा भोगलं. दुसऱ्या सोमवारी नाक्यावर भीमाशंकर स्वामी गुरुजी हात करून उभे होते. "नाही" हा शब्द गजभारेंना लिहिता येतो, फाईलवर तर सुंदर येतो, पण तोंडावाटे निघत नाही. गुरुजी बसले. गुरुजींच्या मागून कृषी खात्यातल्या आरती मॅडम बसल्या. शेवटी मी.

आमच्या गाडीत रोज काय चाले ते सांगतो. गुरुजी जुनी पेन्शन आणि नवी पेन्शन यांतला फरक समजावून सांगत. आरती मॅडमचं नांदेडात घर बांधणं चालू होतं, त्या बाथरूमच्या फरशीबद्दल बोलत. मी मुतखड्याबद्दल बोलत असे, पण माझं बोलणं मनोरंजक असे. रेडिओ चालू असेपर्यंत गजभारेंना "श्श, बातम्या" म्हणायची सोय होती, आणि सरकारी माणसं बातम्यांना गप्प बसतात. पण कंधार मागं पडलं की आमच्या गाडीतल्या रेडिओत खरखर सुरू होई आणि पेन्शन वर डोकं काढी.

मग बहाद्दरपुऱ्याजवळ मन्याडचा पूल यायचा. गजभारे गाडी कडेला घेत आणि म्हणत, "इंजिन तापलंय."

ते उतरत, बॉनेट उघडत आणि कमरेपर्यंत आत वाकून उभे राहत. तिथं पेन्शन पोचत नसे. थोड्या वेळानं बॉनेट लावून कठड्याशी उभे राहत, पाण्याकडे बघत, आणि परत येऊन गाडी सुरू करत. थंडीतही इंजिन तापायचं. आम्हाला तिघांनाही हे कळत होतं, आणि आम्ही कुणीच बोललो नाही. आमच्या थोर स्वभावाचं एवढं एकच उदाहरण मला देता येईल.

एके दिवशी गजभारेंनी मोबाईलवर पाहिलं की अमेरिकेत गाडीतला रेडिओ थेट उपग्रहावरून येतो. या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत माणूस जाईल, पण गाणं तुटत नाही. ते हिशेबाला लागले. गाणं तुटलं नाही तर आम्ही बोलणार नाही. आम्ही बोललो नाही तर त्यांचा तास त्यांना परत मिळेल. बेत चांगला होता. फक्त त्यांनी शुक्रवारी आमच्यासमोर गाडीत विचारलं, "नांदेडात गाडीचे सेट बसवून देणारा चांगला दुकानदार कोण हाय?"

रविवारी सकाळी दुकानात आम्ही सहा जण होतो. आम्ही तिघं, कारण रोज ऐकणार आम्ही. लुंबिनीवहिनी, कारण गाडी निघालीच आहे तर. आणि धुरपताबाई, कारण घरी एकटीनं काय करायचं.

"आकाशातून थेट येणारा रेडिओ पाहिजे," गजभारे विनोद नावाच्या दुकानदाराला म्हणाले. "मधे तुटायला नको."

"तसला आपल्याकडं मिळत न्हाई, साहेब. एक कंपनी होती मागं, बंद पडली. हा घ्या इंटरनेटचा. सिमकार्ड टाकायचं, जगातलं पाहिजे ते स्टेशन लावायचं."

"रेंज गेल्यावर?"

"रेंज कशाला जातीय?" विनोद म्हणाला. हा माणूस कधी कंधारच्या पुढं गेला नसावा.

"पैसे घालूनच राहिलात तर पडदा मोठा घ्या," गुरुजी म्हणाले.

"आणि स्पीकर मागं पण पाहिजेत, सर," आरती मॅडम म्हणाल्या. "आम्ही काय पुढच्यांचं उष्टं ऐकायचं?"

धुरपताबाईंनी पडद्याला बोट लावून पाहिलं. "आनंदा, बोलणारा माणूस दिसतो का रं ह्यात?"

"न्हाई, माय."

"मंग तो खरं बोलून राहिला का लबाड, कसं कळावं?"

गजभारे मधेच कोपऱ्यात गेले होते. तिथं एक छोटा काळा सेट धूळ खात पडला होता. त्याला गोल बटण होतं. गजभारेंनी ते फिरवलं, पुन्हा फिरवलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी तेवढा आनंद पुन्हा पाहिला नाही.

"ते ट्रॅक्टरवाले नेतेत, साहेब," विनोद म्हणाला. आम्ही सगळे हसलो. गजभारेंनी बटणावरचा हात काढला.

तेवढ्यात लुंबिनीवहिनींनी विचारलं, "भाऊ, गाडी कुठं हाय ते घरी कळतंय का ह्या मोठ्यात?"

"हाव, ताई! ते तर फुकट हाय. तुमच्या फोनवर नकाशा दिसंल. गाडी उभी हाय का पळून राहिली, सगळं."

सेट तिथंच ठरला.

सोमवारी कंधारपर्यंत सगळं स्वर्गासारखं चाललं. आम्ही चकार शब्द काढला नाही. कंधार ओलांडलं, रेंज गेली आणि त्या भल्यामोठ्या पडद्यावर एक छोटं वर्तुळ गरगर फिरू लागलं. आता आमच्याकडे बोलायला पेन्शन होती, फरशी होती, मुतखडा होता आणि शिवाय नवा सेट होता. गजभारेंनी पुलावर गाडी थांबवली. बॉनेट उघडलं. पुलावर नेमकी रेंज होती. सेटला जोडलेला फोन आपोआप उचलला गेला आणि चारही स्पीकरांतून लुंबिनीवहिनींचा आवाज आला.

"अवो, पुलावर का थांबलात?"

गजभारे बॉनेटखालून ओरडले, "इंजिन तापलंय!"

"नव्या गाडीचं?"

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तिसऱ्या दिवशीही तोच. रविवारी वहिनींनी मेकॅनिक घरी बोलावला. त्यानं इंजिन तपासलं आणि म्हणाला, "ताई, घोड्यावानी हाय." गजभारेंच्या आयुष्यात एवढी वाईट बातमी कुणी दिली नसेल.

त्या संध्याकाळी वहिनींनी मला फोन केला. आवाज हळू होता. "भाऊजी, एक विचारू? त्या नदीला पाणी किती हाय?"

मला आधी प्रश्न कळला नाही. मग कळला आणि मी खुर्चीत सरळ बसलो. रोज त्याच पुलावर थांबणारा, कठड्याला टेकून पाण्याकडे बघणारा, घरी काही न बोलणारा माणूस. दवाखान्यात त्यांनी अशा माणसांच्या बायका पाहिल्या होत्या. "वहिनी, तसं काही नाही," मी म्हणालो. "मग कसं हाय?" त्यांनी विचारलं. याचं उत्तर द्यायचं तर आमच्यापासून सुटका म्हणून थांबतात, असं सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "त्यांना नदी आवडते." हे उत्तर अगदीच वाईट निघालं. दुसऱ्या दिवसापासून पुलावर थांबायला बंदी आली.

आता गाडी पुलावरून सरळ जाऊ लागली. पूल आला की गजभारेंचा पाय ब्रेककडे जाई आणि परत फिरे. गुरुजींना दया आली. "त्या नकाशाची वायर काढून टाका हो."

"काढली तर काय तरी लपवायचं हाय असं होईल, गुरुजी," गजभारे म्हणाले. "ठेवली तर थांबता येत न्हाई." आणि त्यांनी वळणावर हॉर्न वाजवला, समोर कुणी नसताना.

पुढच्या मंगळवारी दुपारी त्यांचा निरोप आला. मीटिंग आहे, उशीर होईल, आज तुम्ही एसटीनं जा. आम्ही तिघं एसटीत चढलो. बस भरलेली. मागच्या बाजूच्या एका बाकावर खिडकीशी एक माणूस तोंडाला रुमाल बांधून, बूट काढून, डोळे मिटून बसला होता. मला तो ओळखू आला नसता. पण उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, आणि माझी त्या अंगठ्याशी जुनी ओळख होती.

गाडी त्यांनी पंचायत समितीच्या आवारात ठेवली होती. वहिनींच्या फोनवर ती तिथं शांतपणे उभी दिसत असणार. पठ्ठ्यानं आकाशाला चकवलं होतं. मी गुरुजींच्या दंडाला धरलं आणि गप्प राहा म्हणून खूण केली.

"अरे! गजभारे सर!" गुरुजी अख्ख्या बसला ऐकू जाईल असे ओरडले. "मीटिंग झाली वाटतं!"

रुमाल खाली आला. शेजारचा, पुढचा आणि मागचा असे तीन भले प्रवासी उठले, "बसा, तुमचे ओळखीचे दिसतेत," म्हणाले, आणि आम्ही तिघं गजभारेंच्या तिन्ही बाजूंनी बसलो. चौथ्या बाजूला खिडकी होती, तिला गज होते. गुरुजींनी पेन्शन काढली. गजभारेंनी बूट घातले.

कंधारच्या स्टँडवर त्यांचा फोन वाजला.

"गाडी ऑफिसातच हाय," वहिनी म्हणाल्या. बसमध्ये सगळ्यांना ऐकू येत होतं. "लई काम हाय का हो आज?"

"हाव. लई."

"चला नांदेड, नांदेड! कंधारवाले उतरून घ्या!" कंडक्टर दारातून ओरडला.

मग वहिनी शांतपणे म्हणाल्या, "घरी या. बोलू."

काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की त्यानंतर लुंबिनीवहिनी कामाला लागल्या. नवऱ्याला इतकी दगदग नको, हा प्रवासच सगळ्याचं मूळ आहे, असं त्यांनी ठरवलं. पती-पत्नी एकत्रीकरणाखाली बदलीचा अर्ज त्यांनीच भरला आणि त्यांनीच पाठपुरावा केला.

गजभारे आता नांदेडला असतात. त्यांचं ऑफिस वहिनींच्या दवाखान्यासमोर आहे, दोघं वहिनींच्या स्कूटीवर जातात. गाडी मुदखेडच्या एका माणसाला विकली, सेटसकट. ती वहिनींच्या फोनवर अजून दिसते. बहुतेक वेळ एकटीच उभी असते.