पाच जहाजांच्या बिजागऱ्या

एके काळी समुद्रावर माझी पाच आलिशान जहाजं फिरत होती. कागदोपत्री ती कुणा परदेशी घराण्याची होती, हे मान्य. पण त्यांच्या खोल्यांच्या गॅलरीचे दरवाजे ज्या बिजागऱ्यांवर उघडायचे, त्या चाकणजवळच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये तयार व्हायच्या, आणि त्या खोक्यात भरून वर चिठ्ठी डकवणारा इसम मी होतो. याहून कमी हक्कावर लोक आमदाराला मामा म्हणतात.

शेडमध्ये आम्ही नऊ माणसं. भिंतीवर पाचही जहाजांचे फोटो लावलेले, पांढरीशुभ्र, सात-आठ मजली. आमच्यातल्या एकानंही समुद्रात घोट्याच्या वर पाय घातला नव्हता, पण बोलणं असं, "आज तिसऱ्या जहाजाचा माल संपवू, दुसऱ्याला घाई नाही." चहाच्या टपरीवर शेजारच्या कंपनीतले लोक गाड्यांच्या सुट्या भागांबद्दल बोलायचे. आम्ही जहाजांबद्दल बोलायचो, आणि मुद्दाम जरा मोठ्यानं.

आमच्यातला खरा कलावंत म्हणजे पॉलिश करणारा तात्या. जवळच्याच गावचा. अर्धी जमीन कारखान्यांत गेलेली, उरलेल्या अर्ध्यात कांदा. बिजागरी घासून झाली की तो ती उजेडात धरायचा आणि तिच्यात स्वतःची मिशी बघायचा. "केस न् केस मोजता आला पायजे," म्हणायचा. त्याच्या हातून सुटलेल्या मालाला हातमोज्याशिवाय शिवायची कुणाला परवानगी नव्हती, आमच्या मालकांनासुद्धा.

एकदा त्यानं मला विचारलं, "जहाजाचा सातबारा कुणाच्या नावानं असतुया?"

मी थाटात समजावलं. घराणं एका देशातलं, कर्ज दुसऱ्या देशातल्या बँकेचं, जहाजावर झेंडा तिसऱ्याच कुठल्या बेटाचा, कप्तान चौथीकडचा.

तात्यानं मान हलवली. "लै फेरफार झाल्याती. आसली जमीन घेऊ नये."

आणि खरोखरच पुढच्या वर्षी फेरफार झाला. घराण्यानं पाचही जहाजं एका गुंतवणूक कंपनीला विकली. नव्या मालकांचं पत्र आलं, सगळ्या जुन्या पुरवठादारांचा माल नव्यानं तपासणार, मग ठरवणार. आमचे मालक आठवडाभर जेवणाचा डबा तसाच परत नेत होते.

त्या तपासणीचा माल तयार झाला तो नेमका खंडेनवमीला. सकाळी यंत्रांची पूजा झाली, झेंडूचे हार चढले, पेढे वाटले. तात्या घरच्या अवजारांच्या पूजेसाठी दुपारीच गेला, बाकीचेही पांगले. शेडमध्ये मी एकटा, समोर चकचकीत बिजागऱ्यांची खोकी, हातात कुंकवाचं तबक. मला वाटलं, लेथला कुंकू, ड्रिलला कुंकू, आणि एवढ्या लांबच्या प्रवासाला निघालेल्या या पोरींनी काय पाप केलंय? मी बोट ओलं केलं. उघड्या हातानं, एकेका बिजागरीला एकेक टिळा. एकही सोडली नाही. मग पिशव्या, खोकी, टेप. ओवाळायचं तेवढं राहिलं.

दीड महिन्यानं तिकडून फोटो आले. बोटीच्या दमट प्रवासात कुंकू पिशवीत पाझरलं होतं. प्रत्येक बिजागरीवर तांबडा-नारिंगी ओघळ. खाली एकच ओळ, मालावर गंज, खुलासा करा.

मालकांनी फोटो तात्यासमोर धरला. "तात्या, हे काय?"

तात्यानं फोटो उजेडात धरला. "माज्या पॉलिशला गंज? न्हाई. हे माजं न्हाई."

"मग कुणाचं? शेवटचा हात तुझाच ना?"

शेवटचा हात ज्याचा होता, तो त्या वेळी पावतीपुस्तकात डोकं घालून बसला होता.

तीन दिवस मी गप्प राहिलो. एरवी माझं तोंड सुटीची शिट्टी झाल्याशिवाय बंद व्हायचं नाही, पण ते तीन दिवस शेडमध्ये नुसत्या यंत्रांचा आवाज. तात्या जुन्या बिजागऱ्या काढून उजेडात धरी, फिरवी, पुन्हा धरी. मिशी बघत नव्हता, दोष शोधत होता. तिसऱ्या दिवशी मालक हलक्या आवाजात म्हणाले, "तात्या, आता जहाजाचं काम दुसऱ्या कुणाला देऊ. तुझी नजरही..." तात्यानं हातमोजे काढले, एकावर एक ठेवले आणि नीट घडी घातली.

ती घडी मला बघवली नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "गंज नाही तो. कुंकू आहे. मी लावलंय."

मालकांनी मला काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यात माझ्या खानदानाचा सविस्तर आढावा होता. मग व्हिडिओ कॉल लावला. नव्या मालकांकडच्या तपासणीच्या बाईंनी ओल्या फडक्यानं एक बिजागरी पुसली. खालून लखलखीत पॉलिश निघालं. त्यांनी विचारलं, "सगळ्यांना लावलंय?"

"हो मॅडम. भेदभाव नको म्हणून."

बाई हसल्या की खोकल्या, ते आवाज तुटल्यामुळे कळलं नाही. माल पास झाला, काम राहिलं, आणि महिन्यानं नवा अधिकृत कागद आला. मालावर तेल, धूळ, बोटांचे ठसे आणि कुंकू नसावं.

तात्या मात्र माझ्याशी बोलेना. आठवड्यानं एका शनिवारी त्यानं माझ्यापुढे हातमोजे टाकले. "बस हितं. येक बिजागरी कर."

मी सकाळपासून घासत होतो. तो उजेडात धरायचा, "न्हाई" म्हणायचा, परत द्यायचा. दुपारी खांदा बधिर झाला. पाच वाजता त्यानं ती घेतली, खूप वेळ मिशी पाहिली आणि खिशात टाकली.

आता ती जहाजं माझी राहिली नाहीत. नव्या मालकांनी दोन विकली, एक मोडीत काढलं, उरलेल्या दोन्हींची नावं बदलली आणि ते बिजागऱ्या दुसरीकडून घ्यायला लागले. शेडमध्ये ऑनलाइन मालाचं गोदाम झालं. त्या टपरीवर आता मी गप्प चहा पितो. म्हणजे, माझ्या मानानं गप्प.

मध्ये तात्याच्या घरी गेलो. अंगणात कांदा निवडत होता. मी म्हटलं, "तात्या, आता तरी सांग. त्या शनिवारची माझी बिजागरी जहाजावर गेली की भंगारात?"

त्यानं एक कांदा उजेडात धरला, फिरवून पाहिला.

"तुला खरं सांगाया तीन दिस लागलं," तो म्हणाला. "माजी आत्ता कुटं नऊ वर्सं झाल्याती."